सील नसलेला ग्लास

"पान्यात काय खोट हाय का, तेवडं सांगा साहेब," बबनभाऊ म्हणाले. मी कार्ल्यात त्यांच्या हॉटेलात फाउंटन मशीन उघडून बसलो होतो.

मी कोल्ड्रिंक कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. फाउंटन मशीनमध्ये सिरप, थंड पाणी आणि गॅस नळाच्या तोंडाशी एकत्र होतात, की ग्लासात कोल्ड्रिंक पडतं. कॅनमध्येही तेच असतं. फक्त कॅन कारखान्यात भरतात, ग्लास दुकानदार भरतो.

भाऊंचे ग्लास खपत नव्हते. शेजारच्या टपरीवर त्याच चवीचे कॅन महाग असूनही संपायचे. आमच्या एरिया मॅनेजर सरांचं म्हणणं, हॉटेलवाल्याची साफसफाई बरोबर नसणार. मी सगळं तपासलं. सिरपचं प्रमाण बरोबर, गॅस बरोबर. भाऊंच्या पत्नी, मंदामावशी, रोज नळाची तोंडं काढून गरम पाण्यात धुवायच्या. या मशीनसाठी त्यांनी वेगळा ओटा बांधला होता, फिल्टर बसवला होता. पाण्याचा नमुना लॅबला पाठवला. पाणी स्वच्छ निघालं.

मग एका रविवारी मी नुसता बघत बसलो. गाडीतून एक कुटुंब उतरलं. त्यांनी वडापाव खाल्ले, भजी पुन्हा मागवली. नवऱ्याने चार ग्लास कोल्ड्रिंक सांगितलं, तेव्हा बाईंनी विचारलं, पाणी कुठलं वापरता? भाऊंनी फिल्टर दाखवला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नको. आम्ही सील्ड काहीतरी घेतो," म्हणाल्या आणि शेजारी गेल्या.

दिवसभर थोड्याफार फरकाने तेच चाललं.

मंदामावशी झारा हातात घेऊन म्हणाल्या, "माज्या हातची भजी चालत्यात. पानी तेवडं माज्या हातचं नगं."



मी सरांना फोन केला. लॅबचा रिपोर्ट भिंतीवर लावू या, असं सुचवलं.

"वेडा आहेस का? पाणी चांगलं आहे असं लिहिलं, की लोकांच्या मनात आधी शंका येते. मशीन काढून आण. फ्रीज पाठवतो, कॅन विकू दे त्यांना."

ते बरोबर बोलत होते, याचाच मला जास्त राग आला.

पुढच्या आठवड्यात मशीन काढायला मीच गेलो. भाऊंनी स्क्रू काढायला हात लावला. उचलताना विचारलं, "म्हंजे आमचं पानी चांगलंच व्हतं ना?"

"चांगलं होतं, भाऊ."

"मग त्ये कुनाला सांगायचं?"

मशीन टेम्पोत चढलं. आता ओट्यावर फ्रीज आहे आणि कॅन भराभर जातात. ते कुठल्या गोदामात पडून होते, त्यांच्यावरून किती उंदीर फिरले, हे आमच्या धंद्यातल्या माणसांना माहीत असतं. गिऱ्हाईक झाकण रुमालाने पुसतं आणि थेट तोंडाला लावतं.

आमच्या ट्रेनिंगमध्ये स्वच्छतेवर अख्खा दिवस शिकवतात. विश्वासावर काही शिकवत नाहीत. तो कारखान्यातून पॅक होऊन येतो.