भित्र्या इज्जाची हाक

इज्जा गावात भित्री म्हणूनच ओळखली जायची. अटलास पर्वताच्या उतारावरच्या त्या गावात, बायकांच्या हमामात, म्हणजे गावाच्या गरम न्हाणीघरात, ती येणाऱ्या-जाणाऱ्यांची अंगं घासून द्यायची. खरखरीत हातमोजा चढवला की तिच्या हातात बळ यायचं, पण मागच्या अंधाऱ्या कोठीतून काळ्या साबणाचं भांडं आणायचं म्हटलं की ती कुणाला तरी सोबत घ्यायची. "लल्ला इज्जा, कोठीतला जिन तुझी चौकशी करत होता हो!" असं म्हणून बायका तिला छळायच्या; बाईला मानाने तिकडे लल्ला म्हणतात. ती हसायची, पण एकटी काही जायची नाही.

या भीतीला कारण होतं. तिचा नवरा मोहा विहिरी खणायचा. एका उन्हाळ्यात विहिरीची कड ढासळली आणि तो खालीच राहिला. इज्जा काठावर दोर धरून बसली होती. मातीखालून त्याचा आवाज येत होता, मग तो येईनासा झाला. त्यानंतर कितीतरी महिने तिने नमाजाची चटई उलगडली नाही. पुढे एकदा ती घरात तापाने फणफणून पडली होती, घोटभर पाणी द्यायलाही कुणी नव्हतं. तेव्हा तिच्या तोंडून आपसूक निघालं, "या लतीफ." हे कृपाळू, सांभाळ. संकट आलं की त्या मुलखात सगळे हेच म्हणतात. ताप काही लगेच उतरला नाही, पण घर पहिल्यासारखं रिकामं वाटेना. तेव्हापासून छातीत धडधडलं की ती हेच पुटपुटायची. आणि धडधड तर तिच्या पाचवीला पुजलेली.

भूकंप आला तो थंडीतल्या एका दुपारी. हमामाच्या आतल्या गरम खोलीत खाटकाची बायको राबहा होती, लग्न दोन दिवसांवर आलेली इत्तो होती, तिच्या दोघी आत्या होत्या, आणि इत्तोची पाठ घासणारी इज्जा. आधी जमिनीच्या पोटातून घरघर आली. मग भिंती हलल्या, बादल्या कलंडल्या, आणि बाहेरच्या खोलीचं छत दारावर कोसळलं. वाट बंद झाली. घुमटात उजेडासाठी ठेवलेली काचेची भोकं धुळीनं बुजली, एकातून तेवढा बोटभर उजेड उतरत होता.

इज्जा भिंतीला चिकटून खाली बसली. मोहाला असंच वाटलं असेल, एवढंच तिच्या मनात येत होतं. ओठ मात्र हलत होते.

"कोण पुटपुटतंय गं?" राबहाने अंधारात विचारलं.

"मी."

"मग मोठ्यानं म्हण की! आम्हाला काय देव नको?"

"हमामात देवाचं नाव घेऊ नये," थोरली आत्या कापऱ्या आवाजात म्हणाली. "जागा अपवित्र असते. त्यात आपण अशा उघड्या."

"मला इथंच पुरलंय, मग हाक मारायला कुठं जाऊ?" इज्जा एकदम बोलून गेली. आपण एवढ्या जोरात बोललो याचं तिलाच नवल वाटलं.

राबहा त्याही स्थितीत खुदकन हसली. मग सगळ्यांनी एकमेकींचे हात शोधले, आणि इज्जाने सुरुवात केली. या लतीफ, या लतीफ. तिचा आवाज चिरकत होता, मधेच तुटत होता. तो तुटला की राबहा पुढे न्यायची.

पण फरशीखालची भट्टी तशीच पेटलेली होती. फरशी तापत चालली, पाय टेकवेनात. भिंतीच्या भेगेतून धूर आत येऊ लागला. थंड पाण्याच्या नळाला धार नव्हती. एका बादलीत राहिलेलं पाणी राबहाने सगळ्यांच्या पायांवर ओंजळी-ओंजळीने शिंपडलं आणि भिजलेले पंचे नाकाला धरायला लावले. तेवढ्यात जमीन पुन्हा हादरली, घुमटातून विटा पडल्या. इत्तोने हात झटकून टाकला.

"बास करा! कुणी ऐकत नाहीये. लल्ला इज्जा, तुझ्या मोहाला काढलं का त्यानं बाहेर?"

त्या प्रश्नाला इज्जा वर्षानुवर्षं भीत आली होती.

"नाही काढलं," ती म्हणाली.

"मग कशाला हाका मारतेस?"

"पोरी, मला माहीत नाही. आपण सुटू असं मी म्हणतच नाही. मी इतकी भ्यायलेय की माझे दात वाजताहेत, बघ, ऐकू येतील तुला. पण त्याचं नाव घेतलं की मी एकटी राहत नाही. भीती असते, पण तिच्याजवळ आणखी कुणीतरी बसलेलं असतं. तू नको म्हणूस. नुसता माझा हात धर. तुझ्या वाटचं मी म्हणते."

इत्तो रडत रडत तिच्या कुशीत शिरली. इज्जाने तिचं डोकं छातीशी धरलं आणि ती पुन्हा म्हणू लागली. हळूहळू आत्यांचा आवाज मिसळला. धूर घशात जात होता, खोकले येत होते, पण आवाज थांबला नाही. कधीतरी इत्तोचेही ओठ हलायला लागलेले इज्जाला आपल्या गळ्याशी जाणवले.

भट्टीवाल्या हम्मादने तोच आवाज ऐकला. हादरे बसताच तो जीव घेऊन पळाला होता, पण परत येऊन त्यानेच भट्टीवर माती लोटली आणि चौघांना गोळा करून तो घुमटावर चढला. एका भोकाभोवतीच्या विटा फुटू लागल्या. उजेड आत आला तसा आत्यांनी आक्रोश मांडला: अंगावर काही नाही, परके पुरुष बघतील!

राबहा वर तोंड करून गरजली, "अरे ए, डोळे मिटा सगळे! आधी घोंगड्या टाका, मग दोर. ज्यानं डोळे उघडले, त्याला माझ्या घरचं मटण जन्मात मिळणार नाही!"

घोंगड्या आल्या, दोर आला. आधी इत्तो वर गेली, मग आत्या, मग राबहा. इज्जा शेवटची. दोर हातात घेतल्यावर तिला मोहाची विहीर आठवली आणि तिची बोटं मिटेनात. वरून इत्तो ओरडली, "लल्ला इज्जा, आता तुझ्या वाटचं मी म्हणते, तू फक्त धर!" डोळे गच्च मिटून तिने दोर कमरेला बांधला.

बाहेर अर्धं गाव ढिगारा झालं होतं. हमामाच्या दाराशी पैसे घेणारी म्हातारी केल्तूम छताखाली सापडून गेली होती. इज्जाने तिला शेवटची अंघोळ घातली. ते काम तिने दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

ती थंडी गावाने तंबूत काढली. जमीन अधूनमधून हलायचीच, आणि हलली की आजूबाजूच्या बायका पोरं काखेत मारून इज्जाच्या तंबूकडे धावायच्या. प्रत्येक वेळी इज्जा घोंगडीत गुरफटून लटलट कापत असलेली दिसायची. "आलात? बरं झालं," ती म्हणायची, "सरका जरा, दारातल्यांना आत येऊ द्या." मग पोरांना मधे घेऊन बायका दाटीवाटीने बसायच्या, आणि इज्जा आपल्या चिरक्या आवाजात सुरुवात करायची.