किला गेटच्या घराचा राजीनामा

राजीनामा हा शब्द सुभेदार सूर्याजीराव ढवळे यांच्या आयुष्यात दोनदा आला. पहिल्यांदा आला तो नोकरी घेऊन गेला. दुसऱ्यांदा काय घेऊन गेला, ते सांगताना सांगणाऱ्याचंही डोकं ठिकाणावर राहत नाही.

साल एकोणीसशे एकावन्न. ग्वाल्हेर संस्थान जाऊन मध्यभारत झाला होता आणि संस्थानी फौजेची आवराआवर चालली होती. सूर्याजीरावांची अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेली, ब्रह्मदेशाच्या जंगलात दोनदा हिवताप काढलेला. अशा माणसाला टेबलामागे बसलेल्या एका कोवळ्या कॅप्टननं सांगितलं, की नव्या फौजेत घेऊ, पण एक पायरी खाली. तो कॅप्टन सूर्याजीरावांच्या पहिल्या बुटांपेक्षाही वयानं लहान असेल. पटत नसेल तर राजीनामा द्या, म्हणाला. सूर्याजीरावांनी कागद वाचलासुद्धा नाही. उभ्याउभ्या सही केली, सलाम ठोकला आणि बाहेर आले.

त्या वर्षी तिथल्या मराठी घरांत चहाबरोबर हाच एक शब्द असायचा. कुणाच्या भावानं राजीनामा दिला, कुणाच्या जावयाला द्यायला लावला. राजीनामा म्हणजे माणूस गेला, पट्टा उतरवून ठेवला, विषय संपला. त्याला आणखी काही अर्थ असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी येण्याचं कारणच नव्हतं.

हातात चार हजार रुपये पडले आणि महिना बावीस रुपये पेन्शन बसली. शिवाय राहतं घर सोडून वडिलांनी मागं ठेवलेलं किला गेटचं आणखी एक जुनं घर होतं. तीन खोल्या, पुढं अंगण. त्यात गिरवर बाबू नावाचे भाडेकरू चौदा रुपयांवर राहत. दाल बाजारातल्या एका आडत्याकडे ते मुनीम होते, भला माणूस, भाडं पहिल्या तारखेला आणून देणारा. पण घराची दशा अशी, की छताच्या दगडी पटिया, म्हणजे लांब फरश्या, तडकलेल्या, भिंतीला पाठ टेकली की सदरा पांढरा. नव्या सरकारी खात्यातला एक ओव्हरसियर साठ रुपये द्यायला तयार होता. त्याची अट एवढीच, की छत धड हवं, वीज हवी आणि अंगणात नळ हवा.

बावीस आणि चौदा छत्तीस. छत्तीस रुपयांत घर चालत नव्हतं. बावीस आणि साठ ब्याऐंशी. ब्याऐंशीत घर चालून मुलगी वनमाला हिचं कॉलेजही होत होतं. पोरगी इंटरला होती, हुशार होती, आणि फौज मोडली म्हणून तिनं घरी बसावं हे सूर्याजीरावांना मान्य नव्हतं. सगळं येऊन ठेपलं होतं त्या तीन खोल्यांवर.

इथे माधवरावांचा प्रवेश होतो. हे शांताताईंचे, म्हणजे सुभेदारांच्या बायकोचे धाकटे भाऊ, इन्कमटॅक्सच्या एका वकिलाकडे कारकून. दिल्लीचा हा कर ग्वाल्हेरला नवा नवा लागू झालेला, त्यामुळे माधवरावांना एकाएकी भाव आला होता. कुणाच्या बारशाला गेले तरी लोक त्यांना कोपऱ्यात घेऊन कर विचारत. रविवारी जेवायला आले आणि वरणात भात कालवता कालवता त्यांनी मेव्हण्याचा संसार कालवून टाकला.

"दाजी, स्वतःचा पैसा घरात घालू नका. एकदम घाटे का सौदा! कायदा काय म्हणतो? भाड्याचा सहावा हिस्सा दुरुस्तीपोटी सुटतो. तुम्ही दोन हजार लावा नाहीतर एक खिळा ठोका, सहावा म्हणजे सहावाच. असली खर्च कोणी बघतच नाही. मात्र कर्ज काढून मरम्मत केली, तर त्याचं व्याज पूरं वजा होतं!"

"आणि हातातल्या पैशांचं काय?"

"ते सरकारी सर्टिफिकिटात टाका. बारा वर्षांची. त्याच्या व्याजावर टॅक्सच नाही. दाल बाजारचे सगळे सेठ हेच करतात, दाजी. इकडून सूट, तिकडून सूट!"

शांताताई पोळी वाढत होत्या. त्या थांबल्या. "माधव, पण आपल्याला हा कर लागतो का मुळात?"

दोघे पुरुष खो खो हसले. सूर्याजीराव म्हणाले, "अगं, सरकारनं कधी कुणाला सोडलंय का?" माधवरावांनी आणखी एक पोळी मागितली आणि तो प्रश्न तिथेच ताटाखाली गेला.

चार हजारांची सर्टिफिकिटं निघाली. ती लगेच मोडता येणार नव्हती. दुरुस्तीला दोन हजार रुपये दाल बाजारातल्या एका सावकाराकडून बारा टक्क्यांनी उचलले. महिना वीस रुपये व्याज. स्वतःचे पैसे पेटीत असताना कर्ज काढायचं, हे सूर्याजीरावांच्या वडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी जोडा काढला असता. पण सुभेदारांना हुकूम पाळायची सवय होती, आणि कायदा म्हणजे त्यांच्या लेखी हुकूमच.

राहता राहिले गिरवर बाबू. नव्या भाडेकरू कायद्याचं त्यांच्याही कानावर आलेलं. घर खाली करा म्हटल्याबरोबर ते थेट कचेरीत गेले आणि अर्ज ठोकून आले. सूर्याजीराव तणतणत तारखेला हजर झाले. कचेरीबाहेर निंबाखाली गिरवर बाबूंनीच हात जोडले.

"सूबेदार साहब, काहे को लड़ें? आप भी भले आदमी, हम भी भले आदमी। चलिए, राजीनामा लिख देते हैं।"

'लिख देते हैं' यातलं सूर्याजीरावांनी फक्त 'देते' ऐकलं. म्हणजे हा माणूस राजीनामा देतोय! वीस वर्षं राहिलेलं घर, कसलीही कटकट न करता, सोडतोय. स्वतःची सही त्यांच्या डोळ्यांपुढे आली, ते टेबल आलं, तो कॅप्टन आला. त्यांना गिरवर बाबूंची दया आली. दया येण्याचा हा त्यांचा शेवटचा दिवस ठरला.

आत मुन्शीनं दोन्ही पक्षांच्या नावानं लिहिलेला कागद वाचायला घेतला. "फरीकैन के दरमियान राजीनामा हो गया है, कि किरायेदार तीन माह के लिए मकान खाली करेगा, मालिक मकान मरम्मत कराएगा, और बाद मरम्मत..."

"बस, बस!" सूर्याजीरावांनी हात वर केला. "दस्तखत कहाँ करना है?"

एखाद्याचा राजीनामा चारचौघांत मोठ्यानं वाचायचा, त्याला खाली मान घालून ऐकायला लावायचं, हे त्यांना नामुष्कीचं वाटलं. त्यांना स्वतःला ते सोसलं नसतं. आता राजीनामा दुसऱ्याचा, तर त्यावर माझी सही कशाला, हे तरी विचारावं? पण त्यांच्या स्वतःच्या राजीनाम्यावरही कॅप्टननं मंजुरीची सही केलीच होती. त्यांनी मंजुरी दिली. वर सामान हलवायला गिरवर बाबूंना हातठेल्याचे दोन रुपयेही दिले. शांताताई संध्याकाळी म्हणाल्या, "अहो, तो कागद पूरा वाचून तर घ्यायचा." ते म्हणाले, "तुला नाही कळायचं. इज्जतीची गोष्ट आहे."

घर पाहावं बांधून, असं आपले जुने लोक म्हणत. घर पाहावं दुरुस्त करून, हे सांगून ठेवायला कुणाला सुचलं नाही. बाराशे रुपयांचा अंदाज मिस्त्रीनं दिला. एक पटिया काढायला गेले तर शेजारच्या चार खचल्या. चार काढल्या तर खालची भिंत पोटात पोकळ निघाली. चुना भिजत घाला, विटांची भुकटी मळा, दाराच्या चौकटी वाळवीनं खाल्लेल्या त्या बदला, नळाला अर्ज करा, विजेला अर्ज करा. सूर्याजीराव पहाटे उठून किला गेटला जात आणि मजुरांबरोबर स्वतः घमेली उचलत. बाराशेचे सोळाशे झाले, सोळाशेचे दोन हजार. शेवटच्या दिवशी खोलीत दिवा लागला तेव्हा त्यांनी तो तीनदा विझवून लावला. वनमालेच्या पुढच्या वर्षाच्या फीची तारीख त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली.

ओव्हरसियर रविवारी किल्ली घ्यायला येणार होता. तो आला आणि त्याच्या मागोमाग हातठेला आला. ठेल्यावर गाद्या, पत्र्याची पेटी, तुळशीची कुंडी. पुढे गिरवर बाबू, मागे त्यांची बायको.

"वाह, सूबेदार साहब! आपने तो स्वर्ग बना दिया!"

"आप यहाँ कैसे?"

"तीन महीने पूरे हो गए न साहब। राजीनामे में लिखा जो था।"

सूर्याजीरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "राजीनामा दिलात ना तुम्ही?" ते मराठीतच ओरडले. "राजीनामा देऊन परत येता? शरम नाही वाटत?" गिरवर बाबूंना काही कळेना. ते बिचारे म्हणाले, "राजीनामा किया है साहब, तभी तो आए हैं।" ओव्हरसियरनं दोघांकडे पाहिलं आणि सायकलवर बसून निघून गेला. साठ रुपये त्याच्या सायकलबरोबर गेले.

कचेरीत मुन्शीनं तो कागद काढला आणि या वेळी शेवटपर्यंत वाचला. और बाद मरम्मत किरायेदार उसी मकान में उसी किराये पर बदस्तूर काबिज रहेगा. म्हणजे दुरुस्तीनंतर भाडेकरू त्याच घरात, त्याच भाड्यानं, पूर्वीसारखाच राहणार. खाली दोघांच्या सह्या.

"राजीनामा माने सुलह, सूबेदार साहब," मुन्शी लहान मुलाला समजावतात तसा म्हणाला. "दोनों राजी हो गए, सो राजीनामा। आप जो कह रहे हैं, वो तो इस्तीफा हुआ।"

इस्तीफा! हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता असं नाही. पलटणीतले हिंदी जवान इस्तीफाच म्हणत. पण तो त्यांचा शब्द, हा आपला, माल एकच, असं सूर्याजीराव अठ्ठावीस वर्षं धरून चालले होते. एका शहरात, त्याच अक्षरांत लिहिलेला एक शब्द. मराठ्याच्या घरात त्याचा अर्थ निघून जाणं आणि कचेरीत त्याचा अर्थ ठाण मांडून बसणं! राग काढावा तर कुणावर? गिरवर बाबूंनी फसवलं असतं तर त्यांची गचांडी धरता आली असती. त्यांनी फसवलं नव्हतं. मुन्शीनं लपवलं नव्हतं, तो वाचतच होता. चीड येते ती याचीच. लबाडानं लुटलं तर निदान शिव्या द्यायला एक नाव असतं.

घरी माधवराव येऊन बसले होते. सूर्याजीरावांनी सावकाराच्या पावत्या त्यांच्यापुढे आपटल्या. "घर गेलं ते गेलं. आता तुझी ती सूट काढ. व्याज वजा कर. कर किती वाचतो ते सांग."

माधवरावांनी पावत्या पाहिल्या, मग विचारलं, "दाजी, तुमचं सालभराचं उत्पन्न किती?"

"पेन्शन आणि भाडं धरून चारशे बत्तीस."

माधवरावांनी पावत्या हलकेच परत सरकवल्या. "दाजी... टॅक्स तर साडेतीन हजारांच्या वर लागतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला टॅक्सच नाही."

"मग हे व्याज वजा कशातून करायचं?"

"कशातूनच नाही."

सूर्याजीराव उठून उभे राहिले. ज्या कराची सूट मिळवायला त्यांनी स्वतःचे पैसे कुलपात घातले आणि सावकाराच्या ओट्यावर हात पसरला, तो कर त्यांच्या उंबऱ्याला कधी शिवणारच नव्हता. चौदा रुपये भाडं आणि वीस रुपये व्याज. नाकापेक्षा मोती जड, आणि मोतीही सावकाराचा!

"मी कायदा बरोबर सांगितला होता," माधवराव पुटपुटले. "तुमच्याकडे किती, ते तुम्ही बोललात नाही. कोणी विचारलंच नाही मला."

"मी विचारलं होतं," शांताताई म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आवाज चढला नव्हता. "याच जागी, पोळी वाढताना विचारलं होतं मी. दोघं हसला होतात. कागद वाचा म्हणाले मी, तेव्हा इज्जत आडवी आली. तुमची फौज मोडली त्यात माझा इलाज नव्हता. पण हे घर तुम्ही दोघांनी माझ्या डोळ्यांदेखत मोडलंत, आणि ते मोडताना मलाच खुळी ठरवलीत."

माधवराव चपला घालून निघून गेले, आणि पुढचे कितीतरी रविवार आले नाहीत. आतून वनमाला म्हणाली, "बाबा, मी प्राइव्हेट बसते परीक्षेला. घरीच पढाई करीन. फीस थोडी लागते." तिला वाटलं, तेवढ्यानं वडिलांना बरं वाटेल. त्यांना ते सगळ्यांत जास्त लागलं.

पहिल्या तारखेला गिरवर बाबू नेहमीसारखे भाडं घेऊन आले. चौदा रुपये, आणि नव्या छताच्या आनंदात पावशेर पेढे. सुभेदारांनी पैसे घेतले. खुंटीवरच्या कोटातून स्वतःचे सहा रुपये काढून त्यात घातले, आणि ते वीस सावकाराला द्यायला दाल बाजाराकडे निघाले. त्यांचा चेहरा बघून गिरवर बाबू घाबरत घाबरत म्हणाले, "सूबेदार साहब, आप हमसे नाराज तो नहीं?"

सूर्याजीराव पायरीवर थांबले.

"नाराज कैसे? राजी हूँ," ते दात आवळून म्हणाले. "लिखके दिया है ना. दो बार."

पेढ्यांचा पुडा त्यांनी शांताताईंच्या हातात दिला. शांताताईंनी तो तसाच बांधलेला फळीवर ठेवून दिला.