टकटकताई आणि सुटलेला गिलावा

माझी आत्या बोटाच्या पेराने भिंत वाजवायची आणि गिलावा खडकाला धरून आहे की सुटलाय ते ओळखायची. म्हणून कामावर सगळे तिला टकटकताई म्हणत. घरी नवं कपाट आलं तरी ती आधी वाजवून बघणार.

डोंगरात कोरलेल्या एका जुन्या बौद्ध चैत्यगृहातली चित्रं जपणं हे तिचं काम. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझे बाबा, तिथेच चढून काम करायच्या बांबूच्या परांच्या बांधायचे. काम एका छताखाली, पण दोघांत विस्तव जात नव्हता. आत्याचे यजमान, आमचे काका, पूर्वी बाबांच्याच हाताखाली होते. एका इमारतीवर परांचीची गाठ सुटली, काका खाली आले आणि कमरेपासून कायमचे अधू झाले. तेव्हापासून आत्या बाबांशी बोलायची बंद झाली. काही सांगायचंच असलं, तर पहारेकऱ्याला म्हणायची, "परांचीवाल्यांना सांगा, फळी जरा वर घ्या." बाबा तिथेच चार पावलांवर उभे असायचे.

त्या सकाळी पहारेकरी बाहेर फाटकाशी होता. आत हे दोघंच. दालन लांबट, दोन्ही बाजूंना खांबांची रांग, टोकाला अखंड दगडातला स्तूप. वर छताला लाकडी घरासारख्या फासळ्या, त्याही दगडाच्याच. दारावरच्या मोठ्या कमानदार खिडकीतून ऊन येऊन स्तूपाच्या घुमटावर पडलं होतं. खांबांच्या वरच्या पट्ट्यावर बुद्धापुढे फुलं घेऊन बसलेल्या एका बाईचं चित्र होतं. त्याच्यामागचा गिलावा पोकळ झाला होता. आत्या परांचीवर उभी राहून पिचकारीच्या सुईने आत चुन्याची पातळ लापशी भरत होती.

एकाएकी चित्र हललं. दाराच्या फळीएवढा तुकडा खडकापासून सुटून पुढे कलला. आत्याने पिचकारी टाकून दिली आणि दोन्ही तळवे चित्रावर दाबले. तेही पुरेना, तेव्हा खांदा लावला. मनगटांवर भुसा मिसळलेली जुनी माती भुरुभुरू सांडायला लागली.

खाली पिचकारी आपटल्याचा आवाज झाला, तसं बाबांनी वर पाहिलं. ते धावत परांचीपाशी आले, पण पहिल्याच दांडीवर पाय ठेवून थांबले. त्यांच्या वजनाने परांची तसूभर जरी डुलली असती, तरी आत्याचा हात सरकला असता.

"इकडून येत नाही," ते म्हणाले. "शेजारच्या परांचीवरून फळी टाकतो. दम धर."

आत्याने पाय फळीवर आणखी घट्ट रोवले.

बाबांनी चित्राला आधार द्यायची, स्पंज लावलेली लाकडी पाटी पाठीला बांधली, बगलेत टेकू घेतले आणि दुसऱ्या बाजूने वर चढले. दोन परांच्यांमध्ये फळी टाकून एकेक गाठ आवळायला लागले. घाई करावी तर गाठ कच्ची राहणार, सावकाश करावं तर बहीण टिकायची नाही. कपाळाचा घाम रंगावर पडू नये म्हणून आत्याने मान मागे ओढून धरली होती.

बाबांना काहीतरी बोलत राहायचं होतं. सुचेल ते बोलले. "हे कोरणारे लोक वरून खाली खोदत आले, ठाऊक आहे ना? आधी छत, मग खांब, शेवटी जमीन. परांची लागलीच नाही त्यांना. आपल्या धंद्याच्या मुळावरच उठले होते मेले."

आत्याच्या पोटातून हसू उसळलं. "हसवू नकोस रे दादा, पडेल सगळं!"

बाबांचे हात क्षणभर थांबले. मग त्यांनी गाठ पक्की केली, सरपटत पुढे आले, पाटी चित्रावर टेकवली आणि खालून टेकू ठोकले.

"सोड आता."

"तू म्हणतोस म्हणून सोडू?"

"माझ्या शब्दावर जाऊ नकोस. पाटी हलवून बघ, टेकू ओढून बघ. मग सोड."

तिने खांद्याने पाटी रेटून पाहिली, मग एक हात काढून टेकू ओढला. दुसरा हात काढला तेवढ्यात पाटीच्या बाहेर राहिलेला खालचा कोपरा निसटला आणि खाली दगडावर पडून त्याचा चुरा झाला. चित्रातल्या बाईची पावलं गेली. बाकीचं चित्र राहिलं.

खाली उतरल्यावर आत्याला हात धड खाली घेता येईनात. तशीच उकिडवी बसून ती रंगाच्या कपच्या ताटलीत वेचायला लागली. बाबाही शेजारी बसले. वेचता वेचता ती म्हणाली, "त्या दिवशी ती गाठ कोणी बांधली होती?"

इतक्या वर्षांत तिने हे एकदाही विचारलं नव्हतं.

"आठवत नाही गं," बाबा म्हणाले. "मी असेन, तुझा नवरा असेल. रोज आठवून बघतो."

आत्या कपच्या वेचत राहिली. मग म्हणाली, "त्यालाही आठवत नाही."

पावलांच्या जागी तिने पुढे साधा मातकट लेप दिला, नवी पावलं काढली नाहीत. बाबांशी बोलणं सुरू झालं, तेही कामापुरतं. माफीबिफीचा विषय कोणीच काढला नाही. पण परांची उभी राहिली, की चढण्याआधी आत्या प्रत्येक गाठ स्वतः ओढून बघायची, आणि तिचं बघून होईपर्यंत बाबा बाजूला मुकाट उभे राहायचे.