साळव्यांचा पाना

जूनमधल्या एका सकाळी, आमच्या 'ते रापा' उपनगरावरचे धुके अजून विरले नव्हते तेव्हा, फोन माझ्या नातीने उचलला. थोडा वेळ ऐकून तिने तो खाली ठेवला आणि म्हणाली, "आबा, साळवेआजोबा पास्ड अवे." मग ती पुन्हा टोस्ट खायला बसली. माझ्या हातातला चहा तसाच निवला... पावणेदोन वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, आणि आता बोलण्याची सोयही उरली नव्हती.

त्यानंतरच्या पाच आठवड्यांत यशवंत साळवे या माणसाविषयी मी पुष्कळ ऐकले. अंत्यविधीत त्यांना नम्र म्हटले गेले. आपल्या मंडळाच्या शोकसभेत कोणी म्हणाले, उतारवयात त्यांनी इंजिनांचा छंद जोपासला. दोन्ही विधाने चूक आहेत. पुण्याच्या रेल्वे डिझेल शेडमध्ये आयुष्य घालवलेला हा फिटर आपल्या कामाबाबत उद्धट होता, आणि तो उद्धटपणा त्याने कमावलेला होता. छंद टपाल तिकिटांचा असतो. पण या साऱ्यावर कडी केली ती जुन्या इंजिनांची जपणूक करणाऱ्या येथील संस्थेच्या वार्तापत्राने. ते लोक साळव्यांना 'सॅल' म्हणत. त्यात छापले आहे : 'आपल्या लाडक्या सॅलच्या विसरभोळेपणामुळे एकदा इंजिन मोडले, पण आपण त्याला केव्हाच क्षमा केली होती.' क्षमा! जो अपराध त्याने केलाच नाही, त्याची! हा लेख मी त्या एका वाक्यासाठी लिहीत आहे.

नवे शतक लागल्यावर आम्ही दोघेही मुलांकडे न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला आलो. मी निवृत्त रेल्वे ड्रायव्हर, ते फिटर. हॅमिल्टनपासून अर्ध्या तासावर असलेल्या या संस्थेच्या शेडमध्ये मला त्यांनीच नेले. तेथे उभे असलेले इंजिन हे एकोणीसशे पन्नासच्या दशकात इंग्लंडहून बोटीने आलेल्या पहिल्या डिझेल इंजिनांपैकी होते. उत्तर बेटावरून वाफेला हुसकावण्यात त्या वर्गाचा मोठा वाटा. म्हातारपणी त्यांना दक्षिण बेटावर धाडले आणि पुढे भंगारात काढले. वार्तापत्रवाले त्या इंजिनांनाही 'अशक्त' म्हणतात. हलक्या रुळांवरून चालावीत म्हणून ती हलकी बांधली होती आणि जेथे जोर हवा तेथे दोन-दोन जोडून चालवीत, एवढे वाचण्याचे कष्ट कोणी घ्यावेत? साळव्यांनी ते इंजिन पाहिले आणि उघड्या दारातून आत हात घातला. "इंग्रजानं हे एक काम मन लावून केलंय, ड्रायव्हरसाहेब. सहा सिलिंडर एका रांगेत, शाळेतल्या पोरांसारखे. हव्या त्याचा कान धरा!"

बरेच दिवस उभे असलेले डिझेल इंजिन एकदम सुरू करायचे नसते. धुराड्यातून पावसाचे पाणी सिलिंडरमध्ये उतरलेले असते, आणि पाणी दाबले जात नाही. मोडते ते लोखंड. म्हणून प्रत्येक सिलिंडरची छोटी तोटी पान्याने उघडायची, इंजिन हाताने फिरवून पाणी काढायचे, तोट्या बंद करायच्या, मगच बटण. आमच्याकडचा, म्हणजे भारतातल्या शेडमधला, रिवाज असा, की तो पाना तोट्या उघडणाऱ्याच्या खिशात राहतो. काम झाले की तो स्वतः येऊन पाना ड्रायव्हरच्या हाती देतो. तोवर बटणाला बोट लावायचे नाही. कागद नाही, सही नाही... पाना. साळव्यांनी आपला पाना सुनेसाठी आणलेल्या मसाल्यांच्या डब्यांमधून पुण्याहून आणला होता, आणि इंग्रजी तोटीला बसावा म्हणून त्याचे तोंड कानशीने घासले होते.

इंजिन मोडले त्या शनिवारी शेड लोकांसाठी खुली होती. आपली मराठी मंडळीही मुलाबाळांसह आली होती. आठवडाभर पाऊस झालेला, धुराड्याचे झाकण उडालेले. मी पाहुण्यांना ड्रायव्हरचे काम समजावून सांगत होतो, तेवढ्यात साळवे आतून ओरडले, "ऐकू नका हो त्यांचं! नवरदेवाला घोड्याचं कळतं, तेवढंच ड्रायव्हरला इंजिनाचं!" सगळे हसले. माझी सूनही हसली.

सहापैकी चार तोट्या उघडल्या, दोन गंजून बसल्या होत्या. साळव्यांनी संस्थेच्या प्रमुखाला, ग्रॅहम नावाच्या निवृत्त शाळामास्तराला, बोटे दाखवून बजावले, "टू जॅम. हाफ अवर. नो स्टार्ट." "स्वीट ॲज, सॅल!" असे, म्हणजे 'झकास', म्हणत ग्रॅहम पाहुण्यांना किया ओरा, इथला माओरी नमस्कार, करायला वळला. पाना खिशात घालून साळवे रॉकेल आणायला मागे गेले. पंधरा मिनिटांनी मुले कंटाळलेली पाहून ग्रॅहम शिडी चढला. मी शिडीपाशीच होतो. पाना कोठे आहे, हे तेथे फक्त मला ठाऊक होते. पण ते हसणे अजून कानांत होते... म्हटले, घोड्याचे यांना कळते ना, मग सांभाळू दे घोडा. मी तोंड उघडले नाही. चार तोट्यांतून पाणी उडाले, आणि ऐरणीवर घण चुकून पडावा तसा एकच आवाज झाला. पिस्टनचे दोन कनेक्टिंग रॉड वाकले.

पुढच्या शनिवारी चहाच्या खोलीत बैठक झाली. ग्रॅहम हळुवारपणे म्हणाला, की सॅलने सगळे तयार असल्याचे सांगितले असे त्याला वाटले. या वयात कोणीही विसरतो. साळवे उठले, खिशातून पाना काढून त्यांनी टेबलावर ठेवला, आणि माझ्याकडे पाहिले. आमच्या तिकडच्या शेडमध्ये त्याचा अर्थ एकच : पाना माझ्यापाशी होता, इंजिन माझ्यावाचून सुरू केले गेले. त्या लोकांनी मानले, म्हाताऱ्याने चूक कबूल करून काम सोडले. एकाने पाठही थोपटली, "नो वरीज, मेट." साळवे माझ्याकडेच पाहत होते. तो पाना वाचता येणारा दुसरा माणूस त्या खोलीत नव्हता, आणि जन्मभर प्रत्येकाशी भांडत आलेला तो माणूस त्या दिवशी चहात बिस्कीट बुडवत बसला. बाहेर गाडीत बसताना ते इतकेच म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, तुम्ही तरी..."

पाना मी उचलून आणला, परत द्यायचा म्हणून. आधी राग होता, मग लाज. पुढे लाजेचीही सवय झाली. त्यांचे घर चार रस्ते सोडून. वाटेत एक डेअरी लागते. तिथपर्यंत दोनदा गेलो, दूध घेऊन परतलो.

आता इंजिन दुरुस्त झाले आहे. परवा ग्रॅहमचा फोन आला : सॅलच्या स्मरणार्थ ते सुरू करायचे आहे, त्याचा जिवलग मित्र म्हणून तुम्ही केबिनमध्ये असावे. मी म्हटले, आधी छापा की साळवे काहीही विसरले नव्हते, बटण तुम्ही दाबले, आणि मी गप्प राहिलो. मग तो म्हणाला, "लेट्स नॉट स्पॉइल द डे, मेट."

पाना या कागदाशेजारीच आहे. कानशीने घासलेले त्याचे तोंड अजून चकाकते. त्याच्यावाचून इंजिन सुरू करता येते, हे त्या लोकांनी एकदा दाखवलेच आहे. त्या दिवशी मी केबिनमध्ये बसणार नाही. शिडीखाली उभा राहीन, तेव्हा उभा होतो तेथेच, आणि जो वर चढू लागेल त्याला विचारीन, पाना कोणाकडे आहे.