तिनं सांगितलेलं रोम

दुपारचा चहा झाला की मी आणि बायको रोमला जायचो. आमचं रोम ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागात, मुलाच्या घरच्या हॉलमध्ये, टीव्हीवर. तिच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरनं रोज चालायला सांगितलेलं, आणि इथला पाऊस काही विचारून येत नाही. म्हणून सुनेनं हा चालायचा व्हिडिओ लावून दिला. एक गाईडबाई छत्री उंच धरून जुन्या, पडक्या रोममधून चालते. तिच्यामागे कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे आम्ही, कार्पेटवर जागच्या जागी पाय उचलत.

मी चौथीत शाळा सोडली, जन्म टेम्पो चालवण्यात गेला. बायको दहावीपर्यंत शिकलेली. गाईडबाईचं इंग्रजी मला ओ की ठो कळत नसे. ही ऐकायची आणि मला सांगायची. "अहो, इथं बाजार भरायचा. मासळी एकीकडे, तेल एकीकडे." त्यातलं खरं किती आणि हिच्या पदरचं किती, देव जाणे. एकदा म्हणाली, या चौकात सासू-सुनांचे तंटे मिटवायचे. तेव्हाच मला संशय आला.

"बाई एवढा वेळ बोलली आणि तू दोनच शब्द सांगितलेस?"

"बाकीचं फालतू होतं."

देऊळ आलं की तिचं एक ठरलेलं. छप्पर नाही, मूर्ती नाही, नुसते खांब उभे. तरी गाईडबाई पायरी चढली की ही पायातल्या जँडल काढून बाजूला ठेवायची. इथं रबरी चपलेला जँडल म्हणतात.

"अगं, टीव्हीत आहे ते."

"देऊळ आहे ना? मग झालं. तुम्हीपण काढा."

मी काढायचो. वाद घालून कोण दमणार.

त्या दिवशी देऊळ झालं, गाईडबाई एका बोळात वळली, आणि हिनं सोफ्याची पाठ धरली. "बास आता. उरलेलं उद्या."

"थोडंच राहिलंय, संपवून टाक की."

"रोम कुठं पळून चाललंय?"

तिनं रिमोट दाबला. छत्री तिरकी होऊन थांबली. मग ती मेथी निवडायला बसली. संध्याकाळी स्वयंपाकघरात सिंकपाशी उभी होती, तिथंच कोसळली. अॅम्ब्युलन्सवाल्या पोरांनी खूप खटपट केली. हॉस्पिटलात नेली, ती परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आतल्या खोलीत फोनवर होता, अंत्यविधीचं ठरवत. सून बाहेर खुर्च्या मांडत होती. मी टीव्हीसमोर जाऊन रिमोट शोधायला लागलो.

"बाबा, आज टीव्ही?" सुनेनं आत येत विचारलं.

आमच्यात मयताच्या घरात तेरा दिवस टीव्ही लावत नाहीत. मला कोणी शिकवायला नको. आई गेली तेव्हा शेजाऱ्याचा रेडिओ मीच जाऊन बंद करायला लावला होता.

"लोक येतील आता," सून म्हणाली. "काय म्हणतील?"

"म्हणू देत. तिनं उद्या म्हटलं होतं. उद्या उजाडलाय."

मुलगा फोन ठेवून आला. "बाबा, नंतर लावून देतो. प्रॉमिस."

"आज चाललो नाही तर नंतर माझा पाय उचलायचा नाही," मी म्हटलं. "मला माहीत आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच टीव्ही लावला.

छत्री सरळ झाली. गाईडबाई बोलायला लागली, आणि मी मान वळवून वाट बघत उभा राहिलो. बाजूला कोणी नव्हतं. बाई बोलतच होती, पत्र्यावर खडे पडावेत तशी.

"काय म्हणतेय ती?" मी मुलाला विचारलं.

"ती म्हणतेय, इथं पाणी आणण्यासाठी जी व्यवस्था..."

बरोबरच सांगत असणार. शिकलेला आहे. पण मला ऐकवेना. "नको," म्हटलं, "आवाज बंद कर तिचा."

मुलानं आवाज बंद केला. मी पाय उचलायला लागलो. थोडा वेळ नुसताच चाललो. मग म्हटलं, "हे दुकान. म्हातारी बसायची इथं. मापात मारायची." "ही भिंत वाकडी का? गवंडी सासऱ्याच्या ओळखीनं लागलेला." पुढं दगडी बाक आला, लांबच्या लांब, त्याला ओळीनं भोकं. "हे संडास. मधे आडोसा नाही. गावच्या सगळ्या खबरा इथंच कळायच्या."

"बाबा," मुलगा म्हणाला, "ते खरंच संडास आहेत."

"मग? मी काय खोटं सांगतोय?"

सुनेला हसू फुटलं. तिनं ओढणी तोंडावर धरली, आणि मग ती ओढणीतच रडायला लागली.

बेल वाजली. शेजारचे पिठलं-भाताचा डबा घेऊन आले होते. दारातच थबकले. मयताच्या घरी टीव्ही चालू, आणि म्हातारा त्याच्यासमोर पाय आपटतोय.

"या, बसा," मी म्हटलं. थांबलो नाही.

बोळ संपला. एक मोठी कमान आली. तिच्याबद्दल काहीच सुचेना. शेवटी म्हटलं, "ही कमान. इथून बाहेर पडतात." गाईडबाई खालून गेली, तिच्यामागून मीही गेलो.