मफलरखालचा कान

पदकांच्या गोष्टी पदकांसारख्याच साठतात. एक डबा भरला की दुसरा शोधायचा, आणि दर वेळी तळाशी एखादी अशी निघते की हाताला चटका बसतो. माझे डबे आता संपलेत, म्हणून इथे ओततो. तिखटमीठ थोडं माझं असेल, राग मात्र शंभर टक्के खरा!

पनवेलच्या बाजारात माझं ट्रॉफी-शिल्डचं दुकान आहे. दर रविवारी सकाळी तिथे आम्ही तिघं बसतो. मी, शेजारचे घड्याळवाले इक्बालभाई आणि जनूकाका. इक्बालभाई जन्माला आले तेच डोळ्याला भिंग लावून. जनूकाका मूळचे उरणकडच्या खाडीकाठचे कोळी, आता खांदा कॉलनीत लेकीकडे राहतात. मुंबईतल्या एका पदकांच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं पोलादात चेहरे कोरले. डोक्यावर लोकरीची टोपी, पार कानांच्या खाली ओढलेली. मे महिन्यातसुद्धा!

आमचा उद्योग एकच. जुनं पदक हातात आलं की ते कोणी घडवलं ते शोधायचं. कारण प्रदर्शनवाले खुशाल खाली चिठ्ठी लावतात, 'शिल्पकार अज्ञात'. अरे, अज्ञात कसला? तुम्ही कोणाला विचारलंच नाहीत!

\*

इक्बालभाईंचा सगळा भर कानावर. ते म्हणतात, "नाक, दाढी, मिशी सगळे फोटो बघून करतात. कान कोण बघतो? कान कारागीर सवयीनं काढतो. ज्याचा त्याचा कान ठरलेला."

एकदा पुण्याचे एक संग्राहक तीन पदकं घेऊन आले. एकावर संस्थानिक, एकावर पैलवान, एकावर कुठल्याशा राणीसाहेब. तिन्ही पदकं तीन वेगवेगळ्या थोर शिल्पकारांची, असं त्यांचं म्हणणं. सोबत ही जाडजूड फाईल!

इक्बालभाईंनी फाईल उघडलीच नाही. भिंगातून तिन्ही पदकं पाहिली आणि अदबीनं म्हणाले, "जनाब, तिन्ही एकाच हातची आहेत. तसं नसेल तर मग ही तिघं सख्खी भावंडं!"

पाहुणे चहा न घेताच गेले. तो मी प्यायलो.

\*

पदकाचा ठसा उलटा कोरावा लागतो, आरशात दिसतो तसा. तेव्हा कुठे पदक सुलटं उठतं. चाळीस वर्षं उलटं बघून जनूकाकांची नजरच फिरली. लेकीच्या लग्नाचा अल्बम आला तर त्यांना जावई ओळखू येईना. शेवटी फोटोसमोर आरसा धरला तेव्हा म्हणाले, "हां, ह्यो तर आपला परशा!"

लेक म्हणते हे मी रचलेलं आहे. जनूकाका टोपी आणखी खाली ओढतात. म्हणजे खरंच असणार.

\*

आता माझं पाप सांगतो.

इथल्याच एका जुन्या शिक्षणसंस्थेनं पूर्वी आपल्या संस्थापकांचं पदक काढलं होतं. ते जनूकाकांनी कोरलेलं. मानेखाली त्यांनी बारीक अक्षरात आपलं नाव घातलं होतं. चार पदकं निघाली आणि कारखान्याच्या मालकानं ते पाहिलं. जनूकाकांना समोर उभं करून, त्यांच्याच हातांनी ते नाव ठशावरून घासायला लावलं! पुढच्या सगळ्या पदकांची मान कोरी.

त्या पहिल्या चारांतलं एक माझ्या दुकानात आलं; बाकीच्या तिन्हींचा आजवर पत्ता नाही. कोणा निवृत्त मास्तरांच्या घरचं, "जरा चकचकीत करून द्या" म्हणून. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी लावलं मशीनवर आणि केलं आरशासारखं लख्ख!

रविवारी जनूकाकांनी ते हातात घेतलं. मानेखालून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"मालकानं खाल्लं ता खाल्लं," ते म्हणाले, "तू पन खाल्लंस रं."

त्या दिवसापासून मी जुन्या पदकाला मशीन लावत नाही. गिऱ्हाईक ओरडलं तरी नाही.

\*

यंदा त्या संस्थेनं प्रदर्शन मांडायचं ठरवलं, पुस्तिकेसकट. पुस्तिकेत त्या पदकाखाली शिल्पकार म्हणून कोणाचं नाव? त्या मालकाचं! ज्यानं आयुष्यात पेन्सिलीला टोकसुद्धा स्वतः काढलं नसेल!

मी तडक ऑफिसात गेलो. जनूकाका सोबत. सचिवांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कागद आहे काही?"

"माणूस आणलाय समोर, जिवंत!"

"माणूस फाईलला लावता येत नाही हो."

जनूकाका शांतपणे सांगू लागले, "तुमी फोटो दिलता. फोटोत सायबांच्या कानावर मफलर. पदकावर मफलर नको, असा तुमीच लिवलंत."

"बरं, मग?"

"मग काय नाय. कान तर पायजे ना."

सचिवांनी घड्याळ पाहिलं. जनूकाका उठले. जिन्यात मला म्हणाले, "शिनेमातल्यासारखा नाव नको रं मला. नातीला बोट ठेवून दावता आला पायजे, येवढाच."

\*

मालकाचा मुलगा रोडपालीला राहतो. म्हटलं, सरळ त्यालाच भिडू. सचिवांसमोर त्याला आणि जनूकाकांना बसवलं, दोघांना कागद-पेन्सिल दिली आणि म्हटलं, "उलट्या अक्षरात संस्थेचं नाव लिहा. वडिलांनी घरी शिकवलं असेलच की!"

मुलगा दुसऱ्याच अक्षराला अडला. जनूकाकांनी पूर्ण नाव, गाव, जिल्ह्यासकट लिहून वर झाडाची नक्षी काढली, तीही उलटी.

सचिव म्हणाले, "छान. पण जादूचे प्रयोग पुरावा होत नाहीत."

मी टेबलावर मूठ आपटली. पेपरवेट फुटला. तो अजून माझ्या नावावर आहे!

\*

प्रदर्शनाचा दिवस. हॉल भरलेला. जनूकाका, त्यांची लेक, शाळकरी नात, इक्बालभाई आणि मी, शेवटच्या रांगेत. भिंतीवर पदकाचा दरवाजाएवढा फोटो.

मुंबईहून आलेले तज्ज्ञ लेझरचा लाल ठिपका फिरवत बोलत होते. ठिपका संस्थापकांच्या कानावर थांबला. "पाळीवरची ही खोल खाच पाहा. संस्थापकांनी समाजासाठी सोसलेल्या घावांचं हे प्रतीक! अस्सल प्रतिभावंतालाच हे सुचतं."

मालकाचा मुलगा पहिल्या रांगेतून उठला. "बाबांनी या एका खाचेवर सहा महिने विचार केला होता."

टाळ्या!

माझ्या शेजारची खुर्ची वाजली. जनूकाका उठले होते. मधल्या वाटेनं सरळ पुढे निघाले.

"काका, प्रश्नोत्तरं नंतर," सचिव म्हणाले.

जनूकाका फोटोखाली जाऊन उभे राहिले, लोकांकडे बाजू करून. दोन्ही हातांनी टोपी काढली. अकरा वर्षांच्या ओळखीत मी त्यांचे कान पाहिले नव्हते.

टाळ्या थांबल्या. इक्बालभाईंनी डोळ्याला भिंग लावलं, एकदा फोटोतला कान पाहिला, एकदा जनूकाकांचा, आणि ते काढून खिशात ठेवलं. तज्ज्ञांचा लाल ठिपका भिंतीवरून हळूहळू खाली उतरला.

"हे... हे कशामुळे?" त्यांनी विचारलं.

"बारा वर्सांचा होतो सायब," जनूकाका म्हणाले. "बापानं गळ फेकला, ता मासळीच्या आदी माज्या कानात अडकला."