उतारा विचारणारे साडू

माझे साडू देशाचे शिक्षणमंत्री झाले असते, तर निम्म्या प्राध्यापकांची झोप उडाली असती आणि उरलेल्या निम्म्यांना आयुष्यात पहिल्यांदा शांत झोप लागली असती. मंत्री ते झाले नाहीत. इंदापूरच्या एका कॉलेजात मृदाशास्त्र शिकवतात आणि विद्यापीठाच्या संशोधन अनुदान समितीवर सभासद आहेत. पण पणदऱ्याच्या ऊसकऱ्याच्या घरात जन्मल्यामुळे त्यांना सगळं जग उसाचा फड दिसतं. कारखाना ऊस वजनावर घेतो, पण त्यातून साखर किती निघाली तो उतारा, आणि साडूंच्या मते खरी किंमत उताऱ्याची. एका लग्नात पुढाऱ्यांची भाषणं संपेनात, माणसं अक्षता हातात धरून ताटकळलेली. साडू शेजारच्या अनोळखी माणसाला मोठ्यांदा म्हणाले, "टनेज झकास हाय, उतारा न्हाय." पुढचं भाषण लगेच आटोपलं. माझ्या बायकोच्या आमटीचाही त्यांनी एकदा असाच उतारा काढला होता. त्यानंतर दिवाळीपर्यंत त्यांना आमच्याकडे नुसता चहा मिळाला.

समितीत त्यांना विशेष चेव येतो. एकदा पुण्याच्या एका तरुण प्राध्यापकाने भाषेच्या संशोधनाचा जाडजूड प्रस्ताव पुढे ठेवला. साडूंनी पानही न उलटता विचारलं, "सर, ह्याचा उतारा किती?" त्या बिचाऱ्याला उतारा एकच ठाऊक, पुस्तकातला. त्याला घाम फुटला. "सर, एकच उचललाय. बाकी सगळं माझं आहे." सगळे हसले, साडू मात्र हरखले. "खरं बोलला गडी! द्या ह्याला." छापलेले पेपर मोजून अनुदान वाटणं म्हणजे पाचटासकट ऊस काट्यावर चढवणं, असं ते समितीला तोंडावर सांगतात. "ज्याला उत्तर आदीच ठावं हाय, त्याला संशोधनाला पैसं कशाला? फसंल कदाचित, असं जो म्हणतो, त्याचं काम बघा." आणि वाटपाचं? तेही त्यांनी कालव्यावरूनच ठरवलेलं. बारामतीला पाणी आधी, इंदापूर टेलला, म्हणजे कालव्याच्या शेपटाला. "तोंडाशी बसल्याली मोठी विद्यापीठं पोटभर पिऊन घेत्यात. वाटप टेलपासनं सुरू करा, म्हंजी वरचे आपोआप बेतानं पितील." मी मराठीचा मास्तर, मला अनुदानातलं ओ की ठो कळत नाही, पण या माणसाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे असं मी कुठेही सांगायला तयार आहे. नातेवाइकाचा प्रस्ताव आला की त्या सभासदानं खोलीबाहेर जायचं, हा नियमही त्यांनीच टेबलावर हात आपटून करून घेतला.

गेल्या वर्षी प्रस्ताव आला तो त्यांच्या मुलीचा. तीही मातीचीच अभ्यासक. जास्त पाण्यानं चोपण झालेली, पांढरी पडलेली जमीन पुन्हा पिकती करायचे प्रयोग ती इंदापूरजवळ खंडानं घेतलेल्या एका वावरात करत होती. आधीचे हंगाम फसले होते, म्हणून पेपर नव्हते, आणि फसल्याचं तिनं सरळ लिहून टाकलं होतं. अनुदान मिळालं तरच वावर हातात राहणार होतं. असल्या प्रस्तावाची बाजू लढवणारा समितीत एकच माणूस होता आणि तो त्या वेळी नियमाप्रमाणे खोलीबाहेर, सोबतीला आलेल्या माझ्याबरोबर कँटीनमध्ये बसला होता. आत पेपर मोजले गेले, आणि नकार आला.

परत येताना गाडीत माझाच संताप होत होता. "तुम्ही आत असता तर पास झालं असतं!"

"झालं असतं की, पाव्हणं. पण आबाची पोरगी म्हणून झालं असतं. मग पुढं तिची जमीन पिकली, तरी कोण खरं मानंल?"

तेवढ्यात मुलीचाच फोन आला. तिनं एवढंच विचारलं, "आबा, तुमी बाहेर गेलता ना?"

"व्हय."

"मग बरं केलंत," म्हणाली, आणि फोन ठेवला. साडूंनी काच खाली केली.

ती आता परराज्यात नोकरीला आहे. वावर मालकाला परत गेलं. साडूंचा नियम आजही तसाच आहे आणि समितीत ते तितक्याच जोरात भांडतात. पण आम्ही कधी एकत्र इंदापूरला निघालो आणि ते वावर जवळ आलं, की हा बोलघेवडा माणूस एकदम गप्प होतो. माझा जीव तुटतो. मग मीच काहीबाही बोलत सुटतो, वावर मागे पडेपर्यंत.